जहाजवाले हाजी

आमच्या कोकणीपुऱ्यात हाजींच्या दोन तऱ्हा होत्या, जहाजवाले आणि विमानवाले. विमानवाले पाच तासांत जेद्दाला उतरत आणि परत आल्यावर थेट काबागृहापासून सांगायला सुरुवात करीत. जहाजवाल्यांची गोष्ट मुंबईच्या गोदीतून निघे आणि जेद्दा यायला निदान तासभर लागे. आम्ही भावंडे खजुरांच्या आशेने दादीसमोर बसलेलो असू. डबा तिच्या मांडीवरच असे, पण गोष्टीत जेद्दा आल्याखेरीज झाकण उघडत नसे.

तेव्हा आम्हाला या लांबणीचा राग येई. हरमचे वर्णन पुढे कितीतरी जणांकडून ऐकले, टीव्हीवर पाहिले. जहाज मात्र दादीचेच राहिले.

मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे 1995 पर्यंत सुरू होती. मोगल लाइन ही मूळची 1877 सालची कंपनी. इस्लामी, मोहम्मदी, अकबर, नूरजहाँ ही तिच्या जहाजांची नावे आमच्या घरांत रेल्वेगाड्यांच्या नावांसारखी घेतली जात. जेद्दा मुंबईपासून सुमारे 2300 सागरी मैल. ताशी दहा मैल चालणाऱ्या जुन्या आगबोटीला दहा दिवस लागत, 1971 साली बांधलेल्या 'अकबर'ला आठवडाभर. आमच्या पणजोबांच्या पिढीला तर मध्येच कामरान बेटावर उतरून क्वारंटाइनमध्ये राहावे लागे. 1865 साली मक्केतून कॉलऱ्याची साथ युरोपपर्यंत पोचली होती, आणि त्यानंतर गरीब हाजी म्हणजे रोगाची पेटी असेच सरकारे मानू लागली. 1880 साली 'जेद्दा' नावाच्या जहाजावरचे गोरे अधिकारी नऊशेहून अधिक हाजींना बुडते समजून सोडून पळाले. जहाज बुडाले नाही, एडनला पोचले. त्या प्रसंगावरून जोसेफ कॉनरॅडने 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली. ती एका पळालेल्या अधिकाऱ्याच्या पश्चात्तापाची आहे. त्या हाजींनी ते दिवस कसे काढले, हे सांगणारी कादंबरी कोणी लिहिलेली आम्हाला तरी ठाऊक नाही.

आमचे दादाजान नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे आले, त्यात दोघांचा हज बसला, आणि 1977 साली नंबर लागला. दादी मात्र घाबरलेली. तिचे माहेर रायगडकडचे. 17 जुलै 1947 ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, त्यात तिच्या गावातली माणसे गेली होती. तेव्हापासून तिने पाण्यात पाय घातला नव्हता. नाशकात राहून गोदाकाठी धुणेही ती दुसऱ्याकडून करवून घेई. दादाजानने तिला एवढेच सांगितले म्हणे, की 'रामदास' पावसाळ्यात गेली, आपण दिवाळीच्या सुमारास जातोय.

नाशिक रोड स्टेशनवर शे-दीडशे माणसे पोचवायला आली होती. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात चार दिवस. मग गोदी. पत्र्याच्या पेट्या, बिस्तरबंद, सुके बोंबील, लोणच्याच्या बरण्या आणि त्याच्यामागे माणसे. 'अकबर'वर दीड हजारांच्या आसपास हाजी मावत. मावत म्हणजे एकावर एक लोखंडी खाटा, दोन रांगांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट.

पहिले दोन दिवस कोणाचेच नसतात, असे दादी सांगे. किनारा दिसेनासा झाला की आधी रडे येते आणि मग उलटी. लिंबू, सुंठ, आवळकाठी ज्याच्या पदराला असेल तो त्या दिवशी श्रीमंत. पोट रिकामे ठेवले की जास्त त्रास होतो हे तिला एका मलबारी बाईने खुणांनी शिकवले. कोरडी भाकरी चघळायची, वर वाऱ्यावर जाऊन बसायचे, आणि नजर जवळच्या लाटेवर न ठेवता लांब, आभाळ टेकते तिथे ठेवायची. गोडे पाणी ठरल्या वेळी सुटे. अंघोळीला खारे, त्यात साबणाला फेस येत नाही. कपडे वाळले की मिठाने कडक होत.

तिसऱ्या दिवशी माणसे उठून बसली. आता चहूकडे फक्त पाणी, आणि करायला काही नाही. चूल नाही, बाजार नाही, शाळेची घंटा नाही, प्रेसचा भोंगा नाही. रोज रात्री घड्याळ मागे करायचे. आपली वेळ आणि तिकडची वेळ यांत अडीच तासांचा फरक, तो पाच-सहा रात्रींत थोडा थोडा फेडायचा. रोज रात्री अर्धा तास फुकट मिळतो आणि त्याचे काय करावे ते कळत नाही, असे दादी म्हणे. बायका चार-चारच्या टोळीने बसून तलबिया पाठ करीत. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. भुसावळच्या एका शाळामास्तरणीने तिच्याकडून ती शंभरदा म्हणवून घेतली. असरच्या वेळेवरून हनफी आणि आम्ही शाफई यांच्यात रोज थोडी कुरबूर होई. आमची नमाज आधी, त्यांची मागून. चौथ्या दिवशी दोन्ही इमाम एकाच खाटेवर पडलेले दिसले, दोघांनाही बोट लागलेली.

आणि या रिकाम्या दिवसांत एक गोष्ट घडली. ती दादीने आम्हाला आम्ही मोठे झाल्यावर सांगितली. लग्नाला तेहतीस वर्षे झाली होती. दादाजानची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. घरात सासू, दीर, सहा मुले. दोघांचे बोलणे म्हणजे रेशन, फी, कोणाचे दुखणे. जहाजावर बायका-पुरुषांची झोपायची जागा वेगळी, पण असरनंतर दादाजान डेकवर एका जाड दोराच्या गुंडाळीवर बसत आणि तिला शेजारी जागा ठेवत. पहिल्या दिवशी काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. मग ते त्यांच्या लहानपणाचे बोलू लागले. त्यांना बासरी येते हे दादीला अरबी समुद्रात कळले.

किब्ल्याचीही एक गंमत. नाशकात नमाजचे तोंड मावळतीला. दादीला वाटे, जगभर तसेच असणार. जहाज एडन ओलांडून बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या तोंडातून तांबड्या समुद्रात शिरले तसा किब्ला उजवीकडे सरकू लागला. आधी वायव्य, मग उत्तर. खलाशी रोज दिशा सांगे, आणि सफा तिरप्या होत जात. यलमलमच्या समोर जहाज आले तेव्हा भोंगा वाजला. समुद्रमार्गे जाणाऱ्या आपल्याकडच्या हाजींची ती मीकात. त्याआधीच पुरुषांनी इहरामची पांढरी कापडे गुंडाळली होती. भोंग्याबरोबर दीड हजार गळ्यांतून तलबिया उठली. दादाजान कुठे आहेत ते तिला ओळखूच येईना, सगळे सारखे. आणि जेद्दाला पोचल्यावर तिने फजरची नमाज उगवतीकडे तोंड करून पढली, कारण मक्का आता पूर्वेला होती. ती म्हणे, विमानाने गेले असते तर हे मला कोणी तरी सांगितले असते. मी मात्र ते वळताना पाहिले.

परतीची गोष्ट ती सांगत नसे. खजूर वाटून झाले की उठून जाई.

परत येताना, जेद्दा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, दादाजान गेले. मक्केपासूनच ताप होता, छाती भरली होती. जहाजाच्या डॉक्टरने जे होते ते दिले. किनारा लांब असेल तर समुद्रात दफन करावे, हा मसला सगळ्यांना माहीत. गुस्ल झाला, कफन तर प्रत्येक हाजी झमझममध्ये भिजवून बरोबर आणतोच. डेकवर जनाजाची नमाज झाली, वजन बांधले गेले. जहाज थोडा वेळ हळू झाले. दादीला वर येऊ दिले नाही. तिने इंजिनाचा आवाज कमी झालेला ऐकला, आणि पुन्हा वाढलेला ऐकला. त्या आवाजाची गोष्ट तिने आम्हाला एकदाच सांगितली.

मग उरलेले चार दिवस. तेच पाणी, तीच दोराची गुंडाळी. आता घड्याळ रोज पुढे करायचे. आम्ही तिला विचारले होते, ते दिवस कसे काढले. म्हणाली, भुसावळची मास्तरीण असर झाली की माझ्या शेजारी येऊन बसे, काही बोलत नसे.

एका तरुण अधिकाऱ्याने तिला कागदाची चिठ्ठी दिली. तारीख, वेळ, आणि खाली 13 अंश उत्तर, 51 अंश पूर्व. ती चिठ्ठी कुराणाच्या जुजदानात असे. शबे-बरातीला कबरस्तानात जावे की नाही यावर आता मोहल्ल्यात दोन मते आहेत. तेव्हा एकच होते. दादी आम्हा मुलांजवळ फुले द्यायची, पणजोबांच्या कबरीसाठी, चुलत आजीच्या कबरीसाठी. आमच्यातल्या धाकट्याने एकदा विचारले, दादाजानची फुले? ती हसली. म्हणाली, त्यांच्या कबरीवर पाणी शिंपडावे लागत नाही.

फुफी 1985 ला हजला गेली, तीही जहाजाने. हज त्या वर्षी ऑगस्टअखेरीस आला, म्हणजे जाणे ऐन पावसाळ्यात. तिने चिठ्ठी नकलून घेतली होती. त्या जागी जहाज आले की कठड्याशी उभे राहून फातिहा पढायचा, असे मायलेकींचे ठरले होते. पण सोकोत्रा बेटाच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी वारा सगळ्यांत जोरात असतो. फुफी आजही सांगते, "अब्बांची जागा गेली तेव्हा माझे डोके बादलीत होते." दादीला तिने दोन वर्षे खोटेच सांगितले.

2018 च्या जानेवारीत बातमी आली, की सौदी सरकारने हजची जहाजे पुन्हा सुरू करायला मान्यता दिली आहे. त्याच वर्षी विमानाच्या भाड्यावरची सबसिडीही बंद झाली, म्हणून मशिदीबाहेर या बातमीची फार चर्चा झाली. नवी जहाजे तीन-चार दिवसांत पोचतील, चार-पाच हजार माणसे नेतील, असे सांगितले गेले. अजून एकही निघालेले नाही. आणि 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कितीतरी कंपन्यांनी तो रस्ताच सोडून आफ्रिकेला वळसा घातला. आम्हाला विचाराल तर जहाज असावे. ज्याला विमानाचे भाडे झेपत नाही त्याच्यासाठी असावे. पण 'जुने दिवस किती छान' म्हणून त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी त्या खाटांवर दोन रात्री काढाव्यात. दादीने कधी गोडवे गायले नाहीत. दादाजानशी बोलायला तिला जाताना आठ दिवस मिळाले, एवढेच ती म्हणे, आणि ते जमिनीवर मिळाले नव्हते.

दादी आता नाही. चिठ्ठी फुफीकडे आहे. मोबाइलवर आम्ही ते आकडे घालून पाहिले. निळ्यावर एक लाल खूण उमटते, बोटाने कितीही मोठे करा, निळेच.

गेल्या थंडीत आमच्या भाच्याने क्रूझचे तिकीट काढले, मुंबई, गोवा, लक्षद्वीप. एक पूर्ण दिवस नुसता समुद्रात, तेव्हा करायचे काय, म्हणून तो काळजीत. कोणीतरी म्हणाले, फुफीला विचार, घरात आता जहाजवाली हाजी तीच उरली आहे. फुफीने आधी त्याला दोन लिंबे आणि सुंठीची पुडी दिली. किब्ला कुठे येतो ते खलाशाला रोज विचारायला सांगितले. बायकोला घेऊन असरनंतर वर जाऊन बस म्हणाली, फोन खोलीत ठेव.

मग तिने पुन्हा विचारले, "किती दिवस म्हणालास?"

"समुद्रातला एकच, फुफी."

"एकच?" ती म्हणाली. "अरे, एका दिवसात तर उलटीसुद्धा थांबत नाही."