भिंत आणि चेहरा

मराठीच्या वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ शिकविताना संहिता हाती असते, नाटक मात्र हाती लागत नाही. सिंदी (रेल्वे)हून गाडीने नागपूर गाठता येते, वर्धा गाठता येते; 1972 सालचे पुणे कसे गाठावे? तेंडुलकरांनी लिहिलेली ब्राह्मणांची रांग डॉ. जब्बार पटेल यांनी त्या वर्षी रंगमंचावर उभी केली. ती डोलते, गाते आणि पाहता पाहता भिंत होते. कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत यांनी त्या भिंतीत प्राण ओतला. सत्ता एकट्यादुकट्याच्या नव्हे, ओळीत उभ्या राहिलेल्यांच्या बळावर चालते, हे सांगायला एकही भाषण लागले नाही.

हा दिग्दर्शक पुढे चित्रपटाकडे वळला, पण आपले गाजलेले नाटक घेऊन नव्हे. 1976 सालचा ‘घाशीराम’ चित्रपट मणी कौल, के. हरिहरन आदींच्या समूहाचा. जब्बारांनी (हे दौंडला दवाखाना चालविणारे बालरोगतज्ज्ञ, हेही विसरू नये) ‘सामना’साठी तेंडुलकरांकडून स्वतंत्र पटकथा घेतली, 1975 साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. कॅमेऱ्यापुढे त्यांनी भिंत मोडली आणि तिच्यासमोर एकटा माणूस उभा केला, असे आम्हांस वाटते. ‘सामना’तील श्रीराम लागूंचा मास्तर, ‘सिंहासन’ (1979) मधील निळू फुल्यांचा दिगू टिपणीस, ‘उंबरठा’तील स्मिता पाटलांची सुलभा. तिघेही विचारतात किंवा पाहतात. व्यवस्था हलवणे तिघांनाही जमत नाही. दिगूचे तर भान सुटते. साखर कारखान्याचे राजकारण आमच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाला तसे परके. तरी मारुती कांबळेचा छडा लावू पाहणारा मास्तर मुलांना परका वाटत नाही.

‘जैत रे जैत’ (1977) येथे अपवाद. त्यात गाणारा समूह परततो, आणि तो रंगभूमीवरूनच आला आहे, हे लपत नाही.

2000 सालच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. मामुट्टींचा अभिनय थोर, तपशील परिश्रमाने जुळवलेला. परंतु चेहरा इतका मोठा, की भोवतीचा समाज पुष्कळदा पार्श्वभूमी होऊन राहतो. ज्याने रांगेला पात्र केले, त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आमच्या वर्गात मात्र हा चित्रपट निराळ्याच नजरेने पाहिला जातो. 1956 च्या धम्मदीक्षेला ज्यांच्या घरची माणसे नागपूरला गेली होती, अशी मुले समोर बसलेली असतात. दीक्षेचा प्रसंग आला की ती बाबासाहेबांकडे पाहतात, मग मागच्या गर्दीकडे. आपले आजोबा यात कुठल्या बाजूला बसले असतील, असे एका मुलीने विचारले होते. तो प्रसंग आम्ही पुन्हा लावला.