पाच दिवसांचा फटीग

वरदा हे आपल्याकडे मुलीचं नाव, वर देणारी. १२ डिसेंबर २०१६ ला दुपारी चेन्नईवर आदळलेल्या वरदा वादळाचा मात्र तिच्याशी संबंध नाही. ते नाव पाकिस्तानने सुचवलेलं, अर्थ गुलाब. त्या शेजाऱ्याकडून आलेला गुलाब कसा असतो, हे फौजींना वेगळं सांगायला नको.

तेव्हा आम्ही अड्यारला भाड्याच्या घरात होतो. तीन मजले, आठ बिऱ्हाडं. रात्री वारा पडला, पण गल्लीत गुलमोहर आडवे झालेले आणि विजेच्या तारा त्यांच्याखाली. इन्व्हर्टरने दहा वाजता मान टाकली. सकाळी नळ कोरडे. पाणी होतं, पण जमिनीखालच्या टाकीत; वर चढवणारी मोटार विजेवर. फोन मुके. त्यात नोटबंदीला महिना झालेला. एटीएम बंद, कार्डाचं यंत्र बंद, आणि खिशात दोन हजारांची एकुलती एक नोट, जी कुणीच सुटी करून देईना.

मागच्या अंगणात एक जुना हातपंप होता. दांड्याला कपडे वाळत घालण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग नव्हता. वॉशर म्हणून जुन्या चपलेचं चामडं कापून घातलं, दोन तांबे पाणी ओतलं आणि शंभरेक हिसक्यांनंतर पंप खोकत बोलू लागला. मग फौजी सवयीप्रमाणे फटीगची यादी लावली. घरटी सहा बादल्या, जिन्यात प्रत्येक वळणावर एक पोरगं, बादली हातोहात वर. शाळा बंद असल्यामुळे जवानांची टंचाई नव्हती.

मला मजा येत होती, हे खरं. बायको म्हणाली, "तुम्हाला सहल वाटतेय. धुणं कुणाच्या वाट्याला?" त्या दिवसापासून पंपावरचं धुणं माझ्या वाट्याला. चौकीवर पाच जोड मोजे धुणं वेगळं आणि चार माणसांच्या घरातल्या चादरी पिळणं वेगळं. दिवे गेल्यावर हसतमुख राहण्याचं कौतुक बहुधा ज्याच्या अंगावर स्वयंपाकघर नसतं तोच करतो, असं माझं मत तिथे बनलं.

तिसऱ्या मजल्यावर एक पाटी राहायच्या. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. त्यांची मुलगी परदेशी. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन गेलो तर त्या बंद फ्रीजचं दार धरून उभ्या. आत इन्सुलिनच्या तीन कुपिका. फोन लागत नव्हता, मुलीला विचारायची सोय नाही. "तंबी, हे खराब झालं तर?" एवढंच म्हणाल्या. वापरातली कुपी खोलीच्या तापमानाला काही आठवडे चालते, हे आमच्या पलटणीच्या डॉक्टरकडून ऐकलेलं होतं. उरलेल्या दोन प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद केल्या, डबा मातीच्या मडक्यात, मडक्याला ओलं फडकं, आणि सगळं वाऱ्याच्या खिडकीत सावलीला. फडकं दर दोन तासांनी भिजवायची ड्युटी माझ्या मुलीने मागून घेतली. वय नऊ. रात्री नऊची पाळीसुद्धा तिने सोडली नाही. टॉर्च घेऊन जायची.

पाटींनी त्याची परतफेड केली. आठही घरांतलं इडलीचं पीठ फ्रीजबाहेर फसफसून आंबट होत होतं. त्यांनी ते एकत्र मागवलं, कांदा-मिरची घालून पणियारम केले, म्हणजे आपले आप्पेच. चटणीसाठी जिन्याखालचा, कुंडी ठेवलेला दगडी पाटा बाहेर काढला आणि मला वरवंटा धरायला बसवलं. मी खोबरं वाटताना त्या खळखळून हसल्या. हसण्याचं कारण तमिळमध्ये सांगितलं, ते अजून कळलेलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वीज आली. साऱ्या इमारतीत एकदम मिक्सर सुरू झाले.

सकाळी कोपऱ्यावरच्या अण्णाचींच्या दुकानात गेलो. पाच दिवस त्यांनी दूध, मेणबत्त्या, तांदूळ सगळं वहीत लिहून दिलं होतं. हिशेब ३४० रुपये. मी दोन हजारांची नोट पुढे केली. अण्णाचींनी ती उजेडात धरून बघितली, परत दिली आणि वहीचं पान उलटलं. म्हणाले, "सार, अजून दीड हजाराचं खा, मग घेतो."