बिब कुणाला मिळालं

संघाचं नाव कुठं लिहायचं नाही, फोन खिशातून काढायचा नाही आणि कॉर्नरला कोण कुठं पळतो हे सामना होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, या तीन अटींवर मला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये सराव बघायला बसू दिलं. सामना होऊन बराच काळ लोटलाय, त्यामुळं तिसरी अट आपोआप संपली. पहिली अजून पाळतो. एवढंच सांगतो की संघ इंडियन सुपर लीगमधला, बाहेरगावचा, आणि दुसऱ्या दिवशी रात्री याच मैदानावर त्याचा सामना होता.

मला आत घेणारा माझा जुना विद्यार्थी. कोल्हापुरात मी शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. हा पोरगा आमच्याकडं बॅक खेळायचा, पुढं गुडघा गेला, मग फिजिओथेरपीकडं वळला आणि आता या संघाच्या वैद्यकीय ताफ्यात आहे. आंबोलीचा घाट उतरून मी सामना बघायला येणार हे कळल्यावर त्यानंच सांगितलं, "सर, आदल्या दिवशी या. पण जास्त काय बघायला मिळायचं न्हाई हां. आज नुसतं राखायचं असतंय."

हे राखणं काय असतं, ते मला बघायचं होतं. आमच्याकडं मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी राखायला काही उरतच नाही. आमचे संघ पेठांमधल्या तालमींचे, त्यामुळं पेठेत वातावरण तापलेलं असतं. तालमीच्या कट्ट्यावर प्रत्येक म्हाताऱ्याकडं स्वतःची अकरा नावं तयार असतात, आणि पोरं सकाळी मैदानावर उतरली की आपण त्यात बसतो हे दाखवून देण्यासाठी पळतात. दुसऱ्या दिवशी चार वाजता शाहू स्टेडियम भरलेलं असतं आणि सत्तराव्या मिनिटाला निम्म्यांच्या पिंढऱ्या धरतात. मी खेळायचो तेव्हाही हेच, आता शिकवतो तेव्हाही जवळपास हेच.

खेळाडू यायच्या तासभर आधी दोन माणसं आली होती. त्यातला एक किटमॅन. त्यानं पिशवीतले चेंडू एकेक काढून हवेचा दाब मोजला. नियमात ०.६ ते १.१ वातावरण इतका दाब चालतो. म्हणजे नियमात बसणारे दोन चेंडूसुद्धा पायाला अगदी वेगळे लागू शकतात, म्हणून याला सगळे एकाच दाबाचे हवे होते. एक चेंडू त्यानं दोनदा मोजला आणि बाजूला टाकला. दुसरा माणूस शंकू आणि उभे प्लॅस्टिकचे पुतळे मांडत होता. त्याच्या हातातल्या कागदावर सगळ्या सरावाचा नकाशा होता, मिनिटांसकट. वर प्रेक्षकांच्या जागेत एक तरुण उंच तिपाईवर कॅमेरा चढवत होता.

फातोर्डाचं हे मैदान १९८९ पासूनचं. इथं क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामनेही झालेत, हे आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा त्यातले काही सामने इथं होते. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच विश्वचषकात भारताकडून खेळला, फक्त भारताचे सामने दिल्लीला होते. हिरवळ सरळ आणि दाट होती. दिवस मावळताना माळ्यानं पाण्याचे फवारे सोडले. पाहुण्या संघाचा एक प्रशिक्षक त्याच्याशी हातवारे करत बोलत होता. पाणी किती आणि कधी मारायचं, याचीही चर्चा होते. गवत ओलं असलं की चेंडू सरपटत जातो, कोरडं असलं की अडखळतो. शिवाय थंडीच्या दिवसांत रात्री दव पडतं ते वेगळंच. म्हणून सराव दिव्यांखाली ठेवला होता.

खेळाडू आले ते हसत, रमतगमत. प्रत्येकाच्या अंगात शर्टाच्या आत काळी आखूड बंडी, आणि दोन खांद्यांच्या मधोमध काडेपेटीएवढं यंत्र. खेळाडू किती पळाला, किती वेळा जोरात सुटला, किती वेळा अचानक थांबला, सगळं त्यात नोंदलं जातं. सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू सहज दहा-अकरा किलोमीटर पळतो. विद्यार्थ्यानं सांगितलं की आठवड्याच्या मध्याला पळवून पळवून घाम काढतात, मग सामना जवळ येईल तसं कमी करत आणतात, आणि आदल्या दिवशी सर्वांत कमी. मांड्यांमधला इंधनाचा साठा भरलेला राहायला हवा आणि तरी अंग सुस्तावता कामा नये, म्हणून दहा-पंधरा मीटरच्या दोन-चार धावा, तेवढंच. वाऱ्याच्या वेगानं सुटायचं आणि लगेच चालत परत. यंत्राचे आकडे बघणारा माणूस बाजूला टॅब घेऊन उभा होता. एका पोरानं हौसेनं पाचवी धाव मारायला घेतली तर त्यानं शिट्टी वाजवून परत बोलावलं. माझ्या आयुष्यात पोरगं जास्त पळालं म्हणून शिट्टी मारलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग रोंडो. पाच-सहा जण गोलात, दोघं मधे, एका स्पर्शात चेंडू फिरवायचा, ज्याच्याकडून चुकेल तो मधे जाणार. इथं मात्र खरा दंगा होता. पंजाबी, मल्याळम, मिझो, स्पॅनिश, सगळ्या भाषांत शिव्या आणि हसणं. एक वयस्कर परदेशी बचावपटू मधे जायलाच तयार नव्हता. चेंडू त्याच्याच पायातून गेला तरी तो शेजाऱ्याकडं बोट दाखवायचा आणि शेजारचा विशीतला पोरगा मुकाट मधे जायचा. ज्येष्ठता म्हणतात ती हीच, करारातलं काही नाही. चेंडूचा वेग मात्र असा की आमच्याकडं तो पास नव्हे, गोलावरचा फटका धरला असता. पहिला स्पर्श इतका मऊ की चेंडू पायाला लागल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. लांबून टीव्हीवर हे कधीच कळत नाही. टीव्हीवर सगळं सोपं दिसतं, कारण पहिल्या स्पर्शातली अवघड गोष्ट कॅमेऱ्यात शिरतच नाही.

रोंडो आटोपलं आणि मुख्य प्रशिक्षकाच्या सहायकानं हातावरची पिवळी बिबं, म्हणजे शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, वाटायला सुरुवात केली.

तोपर्यंत आवाज करणारं मैदान अर्ध्या मिनिटात शांत झालं. सहायक चालत चालत एकेकाच्या छातीवर बिब टेकवत होता, काही न बोलता. पिवळं मिळालेला लगेच डोक्यातून घालायचा. न मिळालेला बुटाची नाडी बांधायला वाकायचा. मी मोजत होतो. तिघांच्या नाड्या एकाच वेळी सुटल्या होत्या. पिवळी अकरा झाली आणि सहायकाचे हात रिकामे झाले. कुणी घोषणा केली नाही, यादी लावली नाही, पण उद्या कोण खेळणार ते सगळ्यांना कळलं. 

मी गेलो त्या मोसमात प्रत्येक संघात सहा परदेशी खेळाडू ठेवता येत होते आणि मैदानात एका वेळी चारच चालत होते. म्हणजे अर्धं जग ओलांडून आलेल्यांतले दोघं सुरुवातीला बाहेर बसणार हे ठरलेलंच. त्या दोघांपैकी एकाला मी बघत होतो. त्यानं कंबरेवर हात ठेवले, दिव्यांकडं बघितलं आणि मग पुढच्या पाऊण तासात सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानंच वाजवल्या. खेळाडू म्हणून मला तो पिवळ्यातल्या काही जणांपेक्षा सरस वाटला होता. पण प्रशिक्षकाला माणसं नुसती चांगली असून भागत नाही, एकमेकांत बसायला लागतात. आमच्या तालीम संघांमधूनही नायजेरियातले खेळाडू येऊन खेळून गेलेत. त्यांना बाहेर बसवायची वेळ आली असती तर कट्ट्यावरच्या मंडळींनी प्रशिक्षकालाच बाहेर बसवलं असतं.

पुढं वीस मिनिटं जे चाललं ते बाहेरच्याला कंटाळवाणं वाटेल. मला नाही वाटलं. पिवळे अकरा आपापल्या जागी, समोर बिबाशिवायचे अकरा, आणि खेळ चालत्या वेगानं. उद्याचा प्रतिस्पर्धी ज्या पद्धतीनं चेंडू मागून पुढं आणतो, त्या पद्धतीनं बिबाशिवायचे तो आणत होते. म्हणजे जे खेळणार नाहीत त्यांनी आठवडाभर दुसऱ्याच संघाची भूमिका पाठ केलेली. मुख्य प्रशिक्षक दर दहा सेकंदांनी थांबवायचा. ओरडत नव्हता. खेळाडूच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला अर्धा मीटर डावीकडं सरकवायचा आणि त्याची मान वळवून मागं काय दिसतं ते दाखवायचा. एका ठिकाणी त्यानं लेफ्ट बॅकला विचारलं की चेंडू पलीकडं असताना तू काय बघतोस. पोरगा म्हणाला, चेंडू. प्रशिक्षकानं त्याला तिथंच उभं करून चेंडूकडं पाठ करायला लावली आणि मागून येणाऱ्या विंगरकडं बोट दाखवलं. मी मुलांना हे वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलोय. पाठ करायला लावायचं सुचलं नव्हतं.

नंतर कॉर्नर. यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. डावीकडून कॉर्नर घ्यायचा, तो घेणारा उजव्या पायाचा, म्हणजे चेंडू गोलाकडं वळत येणार. तिघं लांबच्या खांबाजवळ घोळका करून उभे. चेंडूला पाय लागायच्या क्षणभर आधी त्यातले दोघं जवळच्या खांबाकडं धाव घेणार, त्यांच्यामागं बचावाची माणसं ओढली जाणार, आणि जवळच्या खांबावर पोचलेला पहिला डोक्यानं चेंडू नुसता मागं घासणार. तिसरा, तोच तो रोंडोत मधे न जाणारा, मोकळ्या झालेल्या जागेत एकटा. कागदावर सोपं. प्रत्यक्षात सगळा खेळ पहिल्या धावेच्या वेळेवर. पाव सेकंद लवकर निघालं की बचाव सावध होतो, उशीर झाला की चेंडू डोक्यावरून जातो. कॉर्नर घेणारा हात वर करायचा, हात खाली आला की धाव. पहिले सगळे प्रयत्न फसले. मग एकदा अचूक जमलं आणि म्हाताऱ्यानं चेंडू जाळीत असा मारला की पलीकडच्या टोकाला सराव करणारा दुसरा गोलरक्षकसुद्धा वळून बघायला लागला. प्रशिक्षक म्हणाला, पुन्हा. पुन्हा जमलं. पुन्हा. कॉर्नर घेणाऱ्याचा पाय यंत्रासारखा चालत होता. चेंडू दर वेळी त्याच उंचीवर, त्याच माणसाच्या डोक्यावर. मला उद्याचा गोल आजच दिसला होता आणि सांगायची सोय नव्हती.

शेवटी थोडी मजा, आडव्या खांबाला लांबून चेंडू मारायची पैज, आणि पिवळे आत गेले. बिबाशिवायच्यांतलेही बरेच त्यांच्यामागं गेले, ते राखीव. सामन्याच्या यादीत वीस नावं असतात. अकरा आणि नऊ. उरलेले पाच-सहा जण मैदानातच थांबले, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा सराव तेव्हा सुरू झाला. त्यांना उद्या काहीच खेळायचं नसल्यानं त्यांचं काही राखायचं नव्हतं. टॅबवाल्यानं त्यांना या गोलसमोरच्या पेटीपासून त्या गोलसमोरच्या पेटीपर्यंत पळवायला सुरुवात केली. उद्या सामन्यात इतर जेवढं जोरात पळतील तेवढं यांनी आज एकट्यानं पळून भरून काढायचं, नाहीतर दोन आठवड्यांत अंग मागं पडतं. त्यात एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, डाव्या पायाचा, बॅक. दोन फेऱ्यांनंतर बाकीचे गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले तरी हा सरळ उभा.

"याला संधी मिळती का कधी?" मी विद्यार्थ्याला विचारलं.

"मिळंल की, सर," तो बर्फाच्या पिशव्या भरत म्हणाला. "सगळ्यांत जास्त यांच्याच पायाला चोळायला लागतंय. खेळणाऱ्यांचं काय, जिंकले की दुखतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून साध्या प्रेक्षकांत बसलो. संघांची यादी आली ती फोनवर बघितली. माझ्या पिवळ्या अकरातली दहा नावं बरोबर होती. कॉर्नर घेणारा यादीत कुठंच नव्हता, राखीवमध्येही नाही. विद्यार्थ्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "सकाळपासनं पोट धरून झोपलाय." एक राखीव आत सरकला होता आणि राखीवमध्ये रिकाम्या झालेल्या जागी त्या डाव्या पायाच्या पोराचं नाव होतं. आदल्या रात्री त्याला मरेस्तोवर पळवलं होतं.

पहिल्या अर्ध्यात डावीकडं कॉर्नर मिळाला. तिघं लांबच्या खांबाजवळ घोळका करून उभे राहिले आणि मी शेजारच्या गोवेकर काकांना, तिसरी अट मोडून, म्हणालो, आता बघा. हात वर झाला, खाली आला. दोघं धावले, बचाव त्यांच्यामागं ओढला गेला, म्हातारा एकटा सुटला. चेंडू जवळच्या खांबाच्या अलीकडंच पहिल्या बचावपटूच्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. काका म्हणाले, "कितें बघू?" पुढचे कॉर्नर त्या संघानं आखूडच घेतले, जवळच्या माणसाला पास देऊन. सामना बरोबरीत सुटला. डाव्या पायाच्या पोराला शेवटच्या काही मिनिटांसाठी आत घेतलं. चेंडू त्याच्याकडं फारसा आला नाही. पण चेंडू पलीकडं असताना तो दर थोड्या वेळानं मान वळवून मागं बघत होता.