जर... तर... आणि एक सही

आधीच सांगून टाकतो, माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. मराठी विभागासाठी लेख दे, म्हणून आमचा संपादक आठवडाभर मागे लागला होता. म्हटलं, इतिहासावर लिहू. इंजिनिअरिंगला आल्यापासून माझ्या वाट्याला फक्त के.टी.चा इतिहास उरलाय!

आठवीत आम्हाला इतिहास शिकवायला एक सिस्टर होत्या. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री हा त्यांचा खास नावडता माणूस. सहा बायका केल्या, त्यातल्या दोघींची मुंडकी उडवली आणि पोपला झुगारून स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होऊन बसला. गंमत म्हणजे याच हेन्रीने १५२१ मध्ये मार्टिन ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं होतं आणि पोप दहावा लिओ याने खूश होऊन त्याला 'धर्मरक्षक' अशी पदवी दिली होती. त्या पदवीची लॅटिन अक्षरं 'एफ. डी.' इंग्लंडच्या नाण्यांवर आजही आहेत. पोप सुटला, पण पदवी काही सुटली नाही!

सेकंड इयरला आम्ही रूमवर रात्री 'जर-तर' खेळायचो. खेळ पार्टनरचा. पार्टनर म्हणजे माझा रूमपार्टनर, लातूरकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. इतिहासातली एक घटना बदलायची आणि पुढचं सगळं सांगायचं, हा नियम. पानिपत तर शंभर वेळा जिंकून झालं होतं. एकदा मी हेन्री काढला.

१ जानेवारी १५११ ला हेन्री आणि राणी कॅथरिनला मुलगा झाला. सगळीकडे जल्लोष. पण पोर ५२ दिवसांत गेलं. जर ते जगलं असतं, तर गादीला वारस मिळाला असता. हेन्रीला घटस्फोटाची घाई झाली नसती. पोपने नकार द्यायचाही प्रश्न आला नसता. तसं बघितलं तर पोप सातवा क्लेमेंट तरी काय करणार? १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं, पोप किल्ल्यात अडकून पडला आणि हा चार्ल्स म्हणजे कॅथरिनचा सख्खा भाचा! म्हणजे मुलगा जगता, तर १५३४ चा तो कायदा झालाच नसता, ज्याने राजा चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरला. १५३६ ते १५४० मध्ये आठशेच्या आसपास मठ बंद झाले, तेही वाचले असते.

पार्टनर कॉटवर उठून बसला. "आणि एलिझाबेथ?"

तीही जन्मली नसती. ती दुसऱ्या राणीची.

"मग ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली सनद कुणी दिली असती? लेका, ते पोरगं जगलं असतं तर तू कॉन्व्हेंटमध्येच गेला नसतास!"

मी म्हटलं, थांब, मी वसईचा आहे. तो कायदा झाला त्याच १५३४ च्या नोव्हेंबरात पोपने गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांत दिला. डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. इथले बिशप सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाला, आणि तोही पोपच्या परवानगीने. एका राजाने चर्चवरचा अधिकार पोपशी जुळवून घेऊन मिळवला, दुसऱ्याने पोपला बाजूला सारून. त्यामुळे माझी शाळा हेन्रीच्या भरवशावर नव्हती!

रात्री अडीचपर्यंत वाद चालला. आमच्या मैत्रीतली ती सगळ्यात भारी रात्र.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री, अकरा वाजता आमच्या विंगचे लाईट गेले. कारण होतं कॉइल. मॅगीसाठी पाणी गरम करायला लावलेली. रात्रभर अंधार, निम्म्या विंगचा अभ्यास बुडाला. सकाळी झडती झाली, तेव्हा कॉइल पार्टनरच्या कॉटखाली सापडली.

कॉइल माझी होती. लावलीही मीच होती. घाईघाईत आत सरकवली ती त्याच्या कॉटखाली गेली, एवढंच.

मीटिंग झाली. रेक्टर सरांनी विचारलं, "याचीच ना?" कुणीच काही बोललं नाही. सर म्हणाले, "गप्प आहात, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे." मग एक कागद फिरला. सतरावी सही माझी. पार्टनरने माझं नाव घेतलं नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, बस. त्याला हॉस्टेल सोडावं लागलं. आता तो गावात कॉट बेसिसवर राहतो आणि सायकलने कॉलेजला येतो.

सुट्टीत मी हेन्रीवर पुन्हा वाचायला घेतलं. खरं तर स्वतःसाठी एखादी 'जर' शोधत होतो. फ्यूज भक्कम असता तर, कॉइल माझ्या बाजूला सरकली असती तर... आणि एक पान वाचून थांबलो.

फेब्रुवारी १५३१. हेन्रीने धर्मगुरूंच्या सभेकडे मागणी केली की मला चर्चचा प्रमुख माना. 'ख्रिस्ताच्या नियमात बसेल तेवढं' अशी पुस्ती जोडून ठराव आला. आर्चबिशप वॉरहॅमने तो मांडला. सगळे गप्प. तो म्हणाला, जो गप्प राहतो त्याची संमती समजतात. कुणीतरी उत्तर दिलं, मग आम्ही सगळे गप्प आहोत. झालं! कुणी तलवार उपसली नाही, कुणी ओरडलं नाही. राजा चर्चचा प्रमुख झाला तो पहिल्यांदा असा.

पुढे टॉमस मोरनेही हेच वाक्य वापरलं. हा राजाचा चॅन्सलर, म्हणजे सगळ्यात मोठा मंत्री. १५३२ मध्ये त्याने पद सोडलं, नंतर शपथ घ्यायला नकार दिला आणि कारणही सांगितलं नाही. खटल्यात तो म्हणाला की मौनाचा अर्थ संमती होतो. ६ जुलै १५३५ ला त्याचं डोकं उडवलं. त्याच्या आधी दोन आठवडे बिशप जॉन फिशरचं. मौन दोन्हीकडे होतं. पण सभेतले लोक गप्प राहून वाचले आणि मोर गप्प राहून मेला.

मला वाटलं, आपण 'जर-तर' खेळताना नेहमी नशीबच बदलतो. पोर जगतं, पोप सुटतो. सही करणारा हात कुणी बदलत नाही. मोरने सही केली असती तर इतिहास फारसा बदलला नसता, राजा प्रमुखच राहिला असता. माझ्या एका सहीनेही कदाचित काही अडलं नसतं, सोळा होत्याच. पण त्या कागदावर खरं काय ते माहीत असलेली सही एकच होती.

गेल्या महिन्यात रेक्टर सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला दंड लावला आणि पार्टनरच्या नावापुढचा शेरा खोडला. तो शेरा खोडताना सरांचा हात जड झाला होता, एवढं लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

संध्याकाळी पार्टनरच्या खोलीवर गेलो. तो परत येणार नाही म्हणाला, वर्षाचं डिपॉझिट भरलंय. मी म्हटलं, "तेव्हाच बोललो असतो तर..."

"तो खेळ आता नको," तो म्हणाला. "उद्या एम-फोरच्या नोट्स घेऊन ये."

उद्या तिकडेच चाललोय.