यादीत नसलेली गोष्ट

वडगाव रासाई,
ता. शिरूर, जि. पुणे

चि. बाळास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

दादा परवा येऊन गेला. तुम्हा दोघांना लग्न तुमच्या पद्धतीने करायचंय, असं म्हणाला. जरा धास्तावलाय, पण रागावलेला नाही. मला मात्र फार आनंद झाला.

तुझी यादी पाहिली. मंडप, फुलं, गाणी, फोटोवाला, सगळं आहे. पण तुम्ही एकमेकांना काय वचन देणार, ते कुठेच नाही. माझ्या मते लग्न तिथे आपलं होतं. आपल्या भागातली लग्नं तू पाहिली आहेसच. मुहूर्त टळून जातो तरी पुढाऱ्यांचे सत्कार आणि भाषणं संपत नाहीत. ज्यांचं लग्न, ते दोघं मात्र उखाण्यापुरतेच बोलतात.

जोतीराव फुल्यांनी हेच बदललं. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची, बजूबाईंची मुलगी. भटजी नाही, डामडौल नाही. पुढे जोतीरावांनी या लग्नविधीसाठी मंगलाष्टकं लिहिली, त्यांत नवरी स्वतः बोलते. बायकांचे हक्क देण्याची शपथ ती सगळ्यांसमोर मागते आणि नवरा ती घेतो. आजही किती लग्नांत नवरीला असं काही मागता येतं?

भटजीशिवाय लग्न कसं, असं चुलते विचारतीलच. त्यांना ओतूरचं सांग. आपल्याच जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातलं गाव. १८८४ मध्ये तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्नं जोशीबुवांना न बोलावता लावली. जोशांनी दावा ठोकला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला.

मंत्र हवेच असतील तर त्यालाही माझी हरकत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित, त्यांत बायकाही आहेत, अर्थ मराठीत सांगत विधी करतात. काय बोलतोय ते दोघांना कळलं पाहिजे, एवढंच माझं मागणं.

कायद्याकडे मात्र नीट लक्ष दे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या तरी रूढीतले विधी व्हावे लागतात. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न ठरत नाही, असं २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. तुम्ही घरी रचलेला विधी यात बसेलच असं नाही. म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा आणि मग हवा तसा सोहळा करा. त्यात तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. अधिकाऱ्यासमोर पतिपत्नी म्हणून स्वीकार करायचा तो दोघांना समजेल अशा भाषेत, हे कायद्यातच लिहिलंय. भीमेपलीकडे केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन उभारलं, त्या पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये नोंदणीनेच लग्न केलं. तेव्हाच्या कायद्यात आपण हिंदू नाही असं सांगावं लागे. तुम्हाला ती अट नाही.

हळद मात्र सोडू नकोस. जात्यावर दळायला भावकीतल्या सगळ्या बायका येतात, हसतात, गातात, आणि तो दिवस खरोखर त्यांचा असतो. त्यात विधवा बायकांनाही पुढे बसव. देवक ठेवा, रासाईदेवीच्या पाया पडा. कन्यादान मात्र नको. तू दान द्यायची वस्तू नाहीस, हे दादालाही पटेल. मी बोलते त्याच्याशी. मानपानाच्या साड्या-टोप्याही बंद करा. पहिला आहेर परत करायची वेळ आली तर तो माझा करा, म्हणजे बाकीचे गप्प बसतील.

आता कार्यालय बुक करण्याआधी दोघं बसा आणि वचनं लिहा. नोकरी, दोन्हीकडचे आईवडील, पैसा, घरकाम, सगळं त्यात येऊ दे. लिहून झालं की आधी मला पाठव.

तुझी,
आत्या