आडरस्ता

मोटारसायकल हें वाहन मुळांत एकट्या माणसाचें आहे. एस्. टी.मध्यें बसलें म्हणजे शेजाऱ्याशीं चार शब्द होतात. आगगाडीच्या डब्यांत तर अनोळखी गृहस्थाचें मूळ गांव, त्याचा पगार आणि त्याच्या मुलीचें जमत आलेलें लग्न इतक्या गोष्टी पुणें ते लोणावळें एवढ्या अंतरांत कळून चुकतात. मोटारसायकलीवर मात्र डोक्यावर हेल्मेट, कानांत वारा आणि नजर रस्त्याला खिळलेली. शेजारून सख्खा भाऊ चालला असला तरी त्याला "दमलास कां?" असें विचारण्याची सोय नाहीं. असें असतां दहा-बारा माणसांनीं दहा-बारा गाड्या घेऊन, एकमेकांशीं अवाक्षर न बोलतां, दीडशें किलोमीटर बरोबर जावें आणि त्याला सहल म्हणावें, याचें आम्हांस पुष्कळ दिवस नवल वाटत असे.

आमचा पुतण्या अशा एका मंडळींत आहे. मागें एका मार्गशीर्षांत त्यानें आम्हांस गळ घातली. ही मंडळी पुण्याहून भोरमार्गें वरंध घाट उतरून रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडीस जाणार होती. "काका, तुमची बुलेट अंगणांत उभी राहून गंजते आहे, एकदां तिला घाट तरी दाखवा," असें तो म्हणाला. आमच्या कुटुंबाचें मत असें पडलें कीं, गंजण्याचा प्रश्न गाडीचा नसून गुडघ्यांचा आहे. दोन्ही मतांत तथ्य होतें. पण निमंत्रणाच्या कागदावर 'निसर्गरम्य आडरस्ते' असे दोन शब्द होते आणि त्यांनीं आमचा निकाल लावला.

वडीलधाऱ्या पिढीनें या वाहनाला 'फटफटी' म्हटलें. नांव ठेवण्यांत मराठी माणसाचा हात कोणी धरूं नये हेंच खरें. १९५५ सालीं मद्रासेंत जिची जुळणी सुरू झाली ती बुलेट तर या नांवाला पुरेपूर जागली. आतां विजेवर चालणाऱ्या दुचाकी आल्या आहेत. त्यांस फट म्हणण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु आमच्या तांड्यांतील बाराही गाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या, आणि त्यांपैकीं दोन-तीन तर आपला आवाज दुसऱ्यास ऐकूं जावा एवढ्याचसाठीं जन्मास आल्यासारख्या होत्या.

निघण्यापूर्वीं पहांटे पांच वाजतां पेट्रोल पंपावर सर्वांना नियम सांगण्यांत आले, आणि तेथेंच आमचें पहिलें कुतूहल शमलें. हें एकट्याचें वाहन कळपानें न्यावयाचें तर त्याला शिस्त लागते, आणि ती शिस्त आम्हांस एकदम ओळखीची वाटली. सर्वांत पुढें चालतो त्यास ही मंडळी 'लीड' म्हणतात व सर्वांच्या मागें राहतो त्यास 'स्वीप'. मराठ्यांच्या फौजेंत याच दोन जागांना बिनी आणि चंदावल हीं नांवें होतीं. बिनीवर एक पोक्त गृहस्थ होते. चंदावल एका बाईंकडे होता. त्यांच्या गाडीवर हवा भरण्याचा पंप, क्लचच्या जादा तारा आणि औषधांची पेटी होती. सरळ रस्त्यावर दोन फळ्या करावयाच्या, पण जोडीनें चालावयाचें नाहीं. एकानें आपल्या बाजूच्या डाव्या अंगानें जावें, दुसऱ्यानें थोडें मागें राहून उजव्या अंगानें. आपल्याच फळींतील पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचें अंतर ठेवावें. वळणें लागलीं कीं एकेरी रांग. जेथें फांटा फुटेल तेथें प्रत्येकानें आपल्या मागची गाडी आरशांत दिसेपर्यंत थांबावें. आणि शेवटचा नियम असा कीं, जो सर्वांत हळू चालवितो त्यास बिनीच्या लगेच मागें ठेवावें, म्हणजे सगळ्या तांड्याचा वेग त्याच्या वेगानें ठरतो. आमची जागा दुसरी लागली. हा मान वयाचा नव्हे, वेगाचा होता, हें सांगावयास नको.

या शेवटच्या नियमाचा आम्हांस फार आदर वाटतो. आजच्या जगांत पुढें जाणाऱ्यानें मागच्यासाठीं थांबावें असें कोठेंच ठरलेलें नाहीं. शाळेंत नाहीं, कचेरींत नाहीं, पुष्कळशा कुटुंबांतही नाहीं. ताशीं दीडशें किलोमीटर पळूं शकणाऱ्या गाडीवर बसलेला पंचविशीचा मुलगा आमच्यामागें पंचेचाळिसाच्या वेगानें चालला आहे, हें दृश्य आम्हीं आरशांत अनेकदां पाहिलें. तो कंटाळला असेल. पण त्यानें रांग मोडली नाहीं.

भोरच्या पुढें नीरा-देवघर धरणाचें पाणी बराच वेळ रस्त्याची सोबत करतें. हिरडोशी मागें पडली कीं डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर देश संपून कोंकण पायाखालीं उघडें पडतें. हा घाट कावळ्या किल्ल्याच्या अंगावरून उतरतो. वाघजाईच्या देवळाशीं चहा आणि कांदाभजीं मिळतात. त्यांतील निम्मीं माकडांच्या हवालीं करावीं लागतात. खालच्या दरींत शिवथरची घळ आहे. समर्थांनीं दासबोध तेथें लिहिला अशी श्रद्धा आहे, आणि तो सगळा निबिड मुलुख पाहतां लिहिण्यासाठीं याहून चांगली जागा शोधूनही सांपडली नसती असें वाटतें.

घाट उतरतांना गाडी मोकळी सोडावयाची नसते. खालचा गियर घालून इंजिनालाच तिला आवरूं द्यावें लागतें. ब्रेक एकसारखा दाबून धरला तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, या वाहनावर जिकडे नजर तिकडे गाडी. दरीकडे पाहात राहिलें तर गाडी दरीकडे ओढ घेते. म्हणून वळण जेथें सुटतें तेथेंच डोळा ठेवावयाचा. म्हणजे ज्या दृश्यासाठीं एवढ्या दूर यावयाचें तें पाहण्याची नेमकी मनाई! तें पाहावयाचें तर थांबावें लागतें, आणि आमच्या सुदैवानें तांड्यांतील एका गाडीचें मागचें चाक पंक्चर झालें. चंदावलाच्या बाईंनीं हत्यारें काढलीं, दोघे मदतीस बसले आणि बाकीच्या नऊ जणांना पाऊण तास करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. त्या पाऊण तासांत आम्हीं वरंध घाट पाहिला. कड्यांवरचें पिवळें गवत, खालीं भाताचीं कापलेलीं खाचरें, त्यांतील ओलीवर टाकलेल्या वालाची कोंवळी हिरवळ, पेंढ्याच्या उडव्या. आणि रस्त्याच्या कडेनें दप्तरें घेऊन चाललेलीं पांच-सहा मुलें. त्यांना आमच्या गाड्यांचें कौतुक वाटलें. तीं कोठून आलीं व किती चालणार हें विचारतां त्यांतल्या मोठ्या मुलीनें ज्या डोंगराकडे बोट दाखविलें, त्याच्या आसपास आम्हांस घर म्हणून कांहीं दिसेना.

येथेंच त्या निमंत्रणांतील शब्दाविषयीं आमच्या मनांत पहिली शंका आली. आडरस्ता म्हणजे कोणाचा? पुण्या-मुंबईच्या माणसाला महामार्ग हा रस्ता, आणि बाकीचे आड. त्या मुलीला हा एकच रस्ता आहे. तिची शाळा, बाजार, दवाखाना, मुंबईस गेलेल्या बापाची वाट, सगळें याच डांबराच्या पट्टीवर आहे, आणि ही पट्टी वर्षांतून चार महिने डोंगराच्या मर्जीवर असते. पावसाळ्यांत हा घाट बंद ठेवण्याचे हुकूम अलीकडे वारंवार निघतात. याच महाड तालुक्यांतील तळिये गांवावर २२ जुलै २०२१ रोजीं डोंगर कोसळला आणि ऐंशींहून अधिक माणसें त्याखालीं गेलीं. त्या दिवशीं महाडास पूर होता, वाटा दरडींनीं आणि पाण्यानें अडल्या होत्या, आणि मदतीचीं पथकें वेळेवर पोंचूं शकलीं नाहींत. तोंवर माती उपसली ती आसपासच्या गांवकऱ्यांनीं. राजरस्त्यावरही घात होतोच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतील दगडी पूल वाहून गेला व त्याबरोबर दोन एस्. टी. गाड्या गेल्या. पण पुढच्या जूनमध्यें तेथें नवा पूल उभा होता. राजरस्त्याचें दुःख सरकारास लवकर कळतें. आडरस्त्याचें कळावयास पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.

हें सगळें आम्ही त्या पाऊण तासांत बोललों असें नाहीं. पंचविशीच्या मुलानें एवढेंच विचारलें, "काका, हीं मुलें रोज येवढें चालतात?" आणि नंतर घाट संपेपर्यंत त्याच्या गाडीचा आवाज आमच्या कानांस पुष्कळ कमी वाटला. एका अवघड वळणावर खालून एस्. टी. चढत होती. चढणाऱ्या वाहनास आधीं वाट द्यावी असा घाटाचा कायदा आहे; बिनीवाल्यांनीं हात वर केला आणि बारा गाड्या कड्याला चिकटून उभ्या राहिल्या. चालकानें जातां जातां खिडकींतून हात हालविला. शहरांत असा हात कोणी हालवीत नाहीं.

बिरवाडीवरून महाड, आणि महाडहून नाते, कोंझर करीत पाचाड. १६७४ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याच पाचाडास येऊन पोंचला तेव्हां महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडास गेले होते, आणि साहेबास त्यांची वाट पाहात पायथ्याशीं मुक्काम करावा लागला. पुढें राज्याभिषेकाच्या दिवशीं गडावर हत्ती पाहून, एवढ्या बिकट वाटेनें हे वर आणले कसे, याचा त्यास अचंबा वाटला. जिजाऊसाहेबांची समाधि पाचाडांतच आहे. मुलाचा राज्याभिषेक पाहिल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, त्यांनीं येथें देह ठेविला. समाधीपाशीं तांडा थांबला, हेल्मेटें उतरलीं. कोणास सांगावें लागलें नाहीं.

तेथून हिरकणीवाडी अगदीं जवळ. हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रांतील पोराला ठाऊक असते. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर मिटलेले दरवाजे, खालीं घरांत तान्हें मूल, आणि ज्या कड्यावरून वाट नाहीं अशी सर्वांची खात्री होती त्या कड्यावरून अंधारांत उतरलेली आई. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधला, असें आख्यायिका सांगते. तिला कागदाचा आधार मागण्याचें आम्हांस कधीं मनांत आलें नाहीं. एस्. टी.नें आपल्या निमआराम गाडीला तिचें नांव दिलें. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीं कचेऱ्यांतून व स्थानकांवर जी खोली राखून ठेवतात तिलाही 'हिरकणी कक्ष' म्हणतात. या दुसऱ्या नामकरणांत आम्हांस अधिक समज दिसते. १९९६ पासून याच वाडींतून गडावर रज्जुमार्ग जातो. चार-पांच मिनिटांत माणूस वर पोंचतो. तरुण मंडळी पायऱ्यांनीं गेली; आम्ही आमच्या गुडघ्यांचा विचार करून डब्यांत बसलों. वरून हिरकणी बुरुजाच्या तोंडाशीं उभें राहून खालीं पाहिलें तेव्हां वाडीचीं कौलें दिसत होतीं. एवढ्या उंचीवरून घर दिसतें, पण रडणें ऐकूं येणार नाहीं. तिला तें ऐकूं आलें नसतांनाही ती उतरली.

परतून खालीं आलों तों तीन वाजले होते. वाडींत एका झोंपडीवजा दुकानांत ताक घेतलें. दुकान एका म्हातारीचें. पैसे देतांना ती बिनीवाल्यांस म्हणाली, "दादा, रागावू नका. सकाळपासून तुमच्यासारखे चार तांडे गेले. नातू दोनदा दचकून उठला. आत्ताच निजलाय. वाडीतून जाताना जरा बेतानं न्या."

आमच्यांतील एकजण, आवाजाचा ज्याला विशेष शौक होता तो, हळूच म्हणाला कीं रस्ता सरकारी आहे. कोणी कांहीं बोललें नाहीं. बेतानें म्हणजे किती, हाही प्रश्नच होता; त्याची गाडी सुरू झाली कीं तिचा बेत तीच ठरवी. बिनीवाले विचार करीत उभे होते तोंच चंदावलाच्या बाईंनीं किल्ली काढून खिशांत टाकली, गाडी स्टँडवरून उतरविली आणि ती ढकलीत निघाल्या. त्यांच्यामागें पंचविशीचा मुलगा निघाला. मग आम्ही.

दोनशें किलोंच्या आसपासची एकेक गाडी, डिसेंबरचें असलें तरी कोंकणांतलें ऊन, अंगांत जाड जाकिटें, आणि बारा जाणतीं माणसें एकाही अक्षराचा आवाज न करतां गाड्या ढकलीत वाडींतून चाललेलीं. दारांतून बायका पाहात होत्या. एका पोरानें न सांगतां आमच्या गाडीला मागून हात लाविला. सरकारी रस्ता म्हणणारा सर्वांत शेवटीं होता, कारण त्याची गाडी सर्वांत जड. बाईंनीं आपली गाडी कडेला लावली आणि परत जाऊन त्याच्या मागच्या बाजूस जोर दिला.

घरें संपलीं, वळण आलें. तेथें एका आंब्याच्या सावलींत तांडा जमला. प्रत्येकाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पोलादपूरवरून आंबेनळी घाटानें वर चढावयाचें कीं आल्या वाटेनें परतावयाचें यावर चर्चा झाली. आंबेनळींत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाची बस दरींत कोसळून तीस जण गेले होते. ती गोष्ट कोणी मोठ्यानें काढली नाहीं, पण अंधार पडण्यापूर्वीं घाट चढून जावा यावर एकमत झालें. बिनीवाल्यांनीं बोट फिरवून गाड्या मोजल्या. अकरा भरल्या. बारावी वळणापलीकडून येत होती, आणि तिला ढकलणारीं आतां तिघें झालीं होतीं.