आधी ब्रेक, मग बाकीचं

तंजावर,
एप्रिलअखेर

चि. निखिल,

तुझं पत्र आणि गाडीचे फोटो पोचले. चपट्या तोंडाची एफसी-१५० जीप, आणि तीही सडलेली नाही! ब्रूक्स स्टीव्हन्सने आखलेली ही गाडी अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आली. महिंद्राने ती १९६०च्या दशकात आपल्याकडे बनवायला घेतली. आमच्या लहानपणी गावच्या साखर कारखान्यावर अशी एक होती. काच ड्रायव्हरच्या नाकाला लागलेली, इंजिन त्याच्या मांडीशेजारी पेटीत. उन्हाळ्यात ड्रायव्हर डाव्या पायाशी ओलं पोतं टाकून बसायचा.

तू विचारतोस, टर्बो डिझेल बसवू का, पॉवर स्टिअरिंग घेऊ का, रंग कुठला देऊ. ब्रेकबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

ब्रेकचं मोल गेल्या आठवड्यात इथे पुन्हा दिसलं, मोठ्या देवळाचा चैत्रातला रथ निघाला तेव्हा. इकडे त्याला तेर म्हणतात. जवळजवळ शंभर वर्षं तो बंद होता. २०१५ साली नवा बांधला आणि राजवीथींवरून पुन्हा फिरू लागला. मराठ्यांच्या राज्यात रथ ओढायला गावोगावची माणसं बोलावली जात, असं मोडी कागदांत येतं. तुझी मामी ते कागद वाचते, त्यामुळे आमच्याकडे जेवतानाही हेच विषय.

मी उभा होतो तो कोपऱ्यावर. रथ सरळ जाताना बघण्यासारखं फार काही नसतं, खरी गंमत वळणावर. चाकांपाशी उघडी-वाघडी माणसं लाकडी पाचरी घेऊन वाकलेली असतात. त्या पाचरींना मुट्टुकट्टै म्हणतात. एका बाजूच्या चाकाखाली तिरकी पाचर सरकवली की ते चाक अडतं, दुसरं पुढे जातं आणि अख्खा डोलारा इंचाइंचाने वळतो. लाकूड करकरतं, कधी धूरही निघतो. थांबवायचं तेही याच पाचरीने. पाचर टाकणाऱ्याचा हात मागे यायला पळभर उशीर झाला तर काय होतं, ते सांगायला नको. दोरखंडाला लागायला शेकडो माणसं आनंदाने येतात. ओढण्याची अडचण कधीच नव्हती, सगळी भीती थांबवण्याची.

तिरुवारूरला गेलास तर हे आणखी पटेल. तिथला आळित्तेर सजवल्यावर ९६ फूट उंच होतो आणि वजन सांगतात ३०० टन. तोही वर्षानुवर्षं उभाच होता. १९७० साली करुणानिधी मुख्यमंत्री असताना तो पुन्हा ओढला गेला. तिरुचीच्या भेल कारखान्याने, म्हणजे जे बॉयलर बनवतात त्यांनीच, त्याला पोलादी आस, पोलादी चाकं आणि नंतर हायड्रॉलिक ब्रेक दिले. वरचं कोरीव लाकूड, कापडी मनोरा, पुढचे घोडे, सगळं जुन्या वळणाचं. खाली वाकून पाहिलंस तरच नवीन काम दिसतं. आणि ब्रेक आले म्हणून पाचरी गेल्या नाहीत, वळवायला अजून त्याच लागतात. मागून बुलडोझरने ढकलतात, ते मात्र माझ्या डोळ्यांना खुपतं. पण ३०० टन ढकलायला मला कोणी बोलावत नाही, तेव्हा गप्प बसावं.

आता तुझी गाडी. तिला चारी चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, पेडल थेट फळीला लागतं. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की सुकेपर्यंत धरत नाही, आणि तू तर गगनबावड्याच्या घाटात फिरणार. तेव्हा पहिला खर्च टँडम मास्टर सिलिंडरचा. पुढची दोन आणि मागची दोन चाकं वेगळी झाली की एक बाजू गेली तरी दुसरी उरते. मग पुढे डिस्क. पण इथे एक मेख आहे. या गाडीचं सगळं वजन नाकावर, धुरांमधलं अंतर जेमतेम ८१ इंच, आणि हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी. पुढे डिस्क लावून मागे जुनाच दाब ठेवलास तर जोरात ब्रेक मारताच मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी आडवी होईल. मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवून घे. मिस्त्री म्हणेल, "साहेब, काही गरज नाही." ऐकू नकोस.

टर्बो डिझेल नको. तुझ्या गाडीचं मूळ हरिकेन इंजिन २.२ लिटरचं, ताकद सत्तर-पंचाहत्तर घोड्यांची. त्या चासीला तेवढीच झेपते. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही एकदा वाचून काढ. परवानगीशिवाय कंपनीच्या मूळ रचनेत ढवळाढवळ चालत नाही. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको आणि गाडी खासगी वापराची हवी. तुझ्या आरसी बुकात ती मालवाहू म्हणून असेल तर ते आधी बघ.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, इंजिनच्या पेटीला आतून उष्णतारोधक अस्तर, तीन टोकांचे सीटबेल्ट, रिले टाकून चांगले हेडलाइट: हे खुशाल कर. यातलं बरंचसं बंद दाराआड राहतं. टपावर दिव्यांची पट्टी आणि लोखंडी कॅरियर मात्र नको. २७ एप्रिल २०२२ला इथल्याच कळिमेडुला रथ वरच्या उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ माणसं गेली, त्यांत मुलंही होती. वर चढवलेलं काही दिसलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

पॉवर स्टिअरिंगचं पुढच्या वर्षी बघू. आधी किंगपिन आणि बुशिंग बदल, निम्मा जडपणा त्यातच असतो. रंग तुझा तू ठरव, फक्त पत्र्यावर पुट्टीचे थर चढवू देऊ नकोस, ठोकून सरळ करायला लाव.

पुढच्या हबची मापं आणि बोल्टमधलं अंतर व्हर्नियरने घेऊन कळव. तिरुचीला ओळखीचा एक टर्नर आहे, तो ब्रॅकेट करून देईल. पण कागदावर आकृती काढून पाठव, मोबाइलचा तिरका फोटो नको.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा